मा फी

कुपोषण ओळखायची दंडघेराची पट्टी मी पहिल्यांदा हातात घेतली ती धारणीजवळच्या एका अंगणवाडीच्या ओसरीवर. बाळाच्या डाव्या दंडाच्या मधोमध गुंडाळायची, टोक खाचेतून ओवायचं, आवळायची नाही, सैलही सोडायची नाही आणि छोट्या खिडकीत येईल तो रंग वाचायचा. ११५ मिलिमीटरच्या खाली लाल. ११५ ते १२५ पिवळा. त्याच्या वर हिरवा. मेळघाटात सात वर्षं मी हे केलं. म्हणून २०२४च्या जूनमध्ये चाडच्या पूर्व टोकाला, सुदानच्या सीमेला लागून असलेल्या अद्रे गावात पोचल्यावर पहिल्याच सकाळी तीच पट्टी हातात आली तेव्हा जीव भांड्यात पडला. भाषा धड येत नव्हती, ऊन डोळे उघडू देत नव्हतं, पण हे काम माझ्या हाताला माहीत होतं.

धारणीत एखादं लाल सापडलं की धावपळ उडायची. सेविकेचा फोन, आशाताई घरी, पर्यवेक्षिकेला कळवा, बालविकास केंद्रात दाखल करा, आई तयार नसेल तर आधी सासूची समजूत काढा. अद्रेत मी अर्ध्या तासात नऊ लाल वाचले. शेजारी वही घेऊन बसलेला दुभाषा खाली मान घालून आकडे लिहीत होता. दहाव्याला माझा हात थांबला. त्यानं मान वर करून विचारलं, "सिस्टर, पट्टी तुटली का?"

मी तिथं गेले कशी, ते थोडक्यात सांगते. २०२३च्या १५ एप्रिलला खार्तुममध्ये सुदानचं लष्कर आणि 'आरएसएफ' ही निमलष्करी फौज यांच्यात लढाई पेटली, तेव्हा आपल्या बातम्यांत सुदान दोन-तीन आठवडे होतं. 'ऑपरेशन कावेरी' चालू होतं, नौदलाची जहाजं पोर्ट सुदानहून माणसं जेद्दाला पोचवत होती, सांगली जिल्ह्यातले तिकडच्या साखर कारखान्यात कामाला गेलेले लोक अडकल्याचं वाचायला मिळत होतं. ३,८००वर भारतीय परत आले आणि सुदान टीव्हीवरून गेलं ते गेलंच. मीही विसरले. जूनमध्ये सुदानच्या पश्चिम दारफूर प्रांतातल्या अल जेनेना शहरात काय झालं हे मला कळलं ते सहा-सात महिन्यांनी, तेही एका संस्थेच्या भरतीच्या जाहिरातीमुळे. कुपोषणाच्या कामाचा अनुभव असलेली आणि फ्रेंच कळणारी नर्स त्यांना हवी होती. पुण्यात शिकताना हौसेनं केलेलं फ्रेंच असं कामी येईल असं वाटलं नव्हतं.

दोन मुलाखती झाल्या, ऑनलाइनच. पीतज्वराची लस घेतली. तिचं पिवळं कार्ड पासपोर्टला जोडलेलं नसेल तर परत येताना आपलेच लोक विलगीकरणात बसवतात. घरी सांगितलं तेव्हा आई भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "मेळघाटात का कमी पडून रायलं व तुले? तिकडं कायले जातं?" प्रश्न रास्त होता. मला तेव्हा उत्तर देता आलं नाही आणि आजही देता येईल असं नाही.

मुंबईहून आदिस अबाबा, तिथून चाडची राजधानी एन्जामेना, मग संयुक्त राष्ट्रांच्या छोट्या विमानानं अबेशे आणि पुढं दीडशेहून जास्त किलोमीटर गाडीनं. रस्ता म्हणजे वाळूतली चाकोरी. मध्ये मध्ये कोरड्या नद्यांची रुंद पात्रं लागतात, त्यांना वादी म्हणतात. जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही त्या पात्रांतून धुरळा उडवत सरळ गेलो. चालक म्हणाला, महिन्याभरानं इथं गाडी नाही, होडी लागेल. मला ती थट्टा वाटली.

अद्रेपासून जेनेना जेमतेम ३० किलोमीटर, म्हणजे अमरावतीहून बडनेरा ओलांडून बरंच पुढं. २०२३च्या एप्रिल ते जूनमध्ये तिथं मसालित जमातीच्या लोकांना 'तू कोणातला?' असं विचारून विचारून मारलं. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ मंडळाच्या अहवालात त्या एका शहरातल्या मृतांचा अंदाज दहा ते पंधरा हजार असा दिला आहे. उरलेले चालत सीमेकडे निघाले, वाटेवर पुन्हा गोळीबार. जूनच्या मध्यात तीन दिवसांत अद्रेच्या रुग्णालयात साडेआठशेवर जखमी आले. गावातली मूळ वस्ती चाळीसेक हजारांची. मी पोचले तेव्हा त्या गावाच्या कडेला काट्याकुट्यांच्या, कापडाच्या, ताडपत्रीच्या झोपड्यांत लाखाच्या वर माणसं राहत होती. आलेल्यांत दहातल्या नऊ बायका आणि मुलं. पुरुष कुठं आहेत हे विचारायचं नाही, ही मला मिळालेली पहिली सूचना.

चाड हा काही सुखवस्तू देश नव्हे. २००३च्या दारफूर युद्धात आलेले चार लाखांच्या आसपास निर्वासित वीस वर्षं तिथल्या छावण्यांत होतेच. त्यांच्या मुलांनाही तिथंच मुलं झाली. त्यावर ही नवी सहा लाख माणसं. जागतिक अन्न कार्यक्रमानं २०२३च्या नोव्हेंबरमध्येच सांगून टाकलं होतं, की पैसे आले नाहीत तर जानेवारीपासून चाडमधल्या चौदा लाख लोकांचं धान्य थांबवावं लागेल. त्या इशाऱ्याची बातमी आपल्याकडे कुणी वाचली असेल असं मला वाटत नाही. मी तर नाहीच. २०२४च्या एप्रिलमध्ये पॅरिसला परिषद झाली, सुदानसाठी दोन अब्ज युरोंवर मदत जाहीर झाली. जाहीर होणं आणि अद्रेत खोकं उतरणं यांत किती अंतर असतं हे मला पुढच्या महिन्यांत समजलं.

मी रुजू झाले त्याच सुमारास नॉर्वेजियन रेफ्युजी कौन्सिलची दुर्लक्षित विस्थापनांची वार्षिक यादी आली होती. दहापैकी नऊ देश आफ्रिकेतले, सगळ्यात वर बुर्किना फासो. चाड आणि सुदान दोन्ही यादीत. आमचा दुभाषा मोबाइलवर ती वाचून हसला. "यादीत नाव आलं ना, मग दुर्लक्ष कुठं झालं?" तो जेनेनाच्या विद्यापीठात वैद्यकीच्या चौथ्या वर्षाला होता. विद्यापीठ उरलं नव्हतं. तो आता आमच्याकडे दिवसाच्या मजुरीवर भाषांतर करत होता आणि माझ्यापेक्षा चांगलं निदान करत होता.

आता कामाचं सांगते. पहाटे साडेपाचला, उन्हाच्या आधी, आयांची रांग लागलेली असे. रांगेत फिरून आमचे 'रले' मुलांच्या दंडाला पट्टी लावत. रले म्हणजे वस्तीतल्याच निर्वासित बायका. आपल्या आशाताईच समजा, फक्त यांच्याकडे आयडी कार्ड आणि गुलाबी साडी नाही. लाल-पिवळं निघालेलं मूल आत येई. मग पावलं बघायची. दोन्ही पावलांवर अंगठ्यानं दाबून तीन आकडे मोजायचे आणि अंगठा उचलायचा. खळगा राहिला तर सूज. अशा मुलाचा दंड पट्टीत हिरवाही येऊ शकतो, कारण ते मांस नसतं, पाणी असतं. गुटगुटीत दिसणारं, गप्प बसलेलं, कुणाकडेच न बघणारं मूल रांगेत दिसलं की आधी त्याला आत घ्या, हे मी रलेंना सांगायला गेले तर त्याच मला सांगू लागल्या.

मग वय. जन्मतारीख कुणालाच ठाऊक नसे, कागद असतील तर ते जेनेनात जळलेले. त्यासाठी आमच्याकडे एक दिनदर्शिका होती, तारखांऐवजी घटनांची. आईला विचारायचं, मूल रमजानच्या आधीचं की नंतरचं, बाजरी काढताना झालं की पेरताना, किती खरीफ बघितले त्यानं. खरीफ! सुदानी लोक पावसाळ्याला खरीफ म्हणतात. शब्द कानावर पडला तेव्हा मी लेखणी खाली ठेवली. साबणाला साबून, दुकानाला दुकान, साखरेला सुक्कर, आणि हा आपला खरीप. फक्त आपण पिकाला म्हणतो, ते पावसाला. दिनदर्शिकेच्या फाइलमध्ये २०२३च्या रकान्यात जाड अक्षरांत एकच ओळ होती : 'जेनेना'. बहुतेक आयांना तेवढी एक ओळ पुरायची. "हा जेनेनाच्या आधी बसायला लागला होता." "ही जेनेनाच्या वेळी पोटात." बोट पुढं-मागं सरकवून आम्ही महिने मोजायचो.

त्यानंतर भुकेची परीक्षा. हे नाव मी ठेवलेलं नाही, पद्धतच तशी. आईला साबणानं हात धुवायला लावायचे, सावलीत बसवायचं आणि शेंगदाण्याच्या लगद्याचं एक पाकीट तिच्या हातात द्यायचं. ९२ ग्रॅम, ५०० कॅलरी. शेंगदाणे, दूधपूड, साखर, तेल, जीवनसत्त्वं. कोपरा फाडून बोटानं मुलाच्या ओठाला लावायचं आणि बघत बसायचं. अर्ध्या तासात ठरावीक भाग खाल्ला, ताप-जुलाब-धाप नाही, तर मूल घरी राहून बरं होऊ शकतं. तोंड फिरवलं तर आत, दाखल. इतक्या उपाशी मुलाला भूक लागत नाही, हे मेळघाटात नव्या डॉक्टरांनाही पटायला वेळ लागायचा. शरीर एकेक दिवा विझवत जातं, आणि त्यात भुकेचाही विझतो. आत दाखल मुलांना आम्ही दर तीन तासांनी पातळ दूध द्यायचो, मोजून. अनावर होऊन आईनं जास्त पाजलं तर हृदय बंद पडू शकतं. रात्री दोनच्या पाळीला मी वाटीवर पहारा करायचे. उपाशी मुलाच्या आईला 'थांब, एवढंच' म्हणायला लागणं, यासारखं काम नाही.

एक गंमत सांगायची राहिली. शेंगदाण्याला इजिप्तमध्ये 'सुदानी फूल' म्हणतात. फूल म्हणजे घेवड्यासारखं कडधान्य. सुदान हा जगातल्या मोठ्या शेंगदाणा पिकवणाऱ्या देशांपैकी एक. आणि त्या देशाच्या मुलांसाठी शेंगदाण्याचा लगदा समुद्रावरून कॅमेरूनच्या दुआला बंदरात यायचा, तिथून ट्रकनं अडीच हजारांहून जास्त किलोमीटर, अद्रेत. आमच्या औषधांच्या कपाटातली अर्धीअधिक पाकिटं भारतातली होती. अमॉक्सिसिलिनच्या खोक्यावर आपल्याकडचा पत्ता वाचला की उगाच बरं वाटायचं.

एका खोक्यात १५० पाकिटं. एका लाल मुलाला बरं व्हायला सहा-आठ आठवडे लागतात आणि साधारण तेवढीच पाकिटं लागतात. म्हणजे एक खोकं, एक मूल. गोदामातला पोऱ्या सकाळी ओरडून आकडा सांगायचा, "दोनशे चाळीस!" मला मुलं ऐकू यायची.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात तो "सत्तावीस" म्हणाला.

चालकाची थट्टा नव्हती ती. अबेशेच्या वाटेवर वादीला पाणी आलं होतं, तांबडं, फेसाळ, आणि पलीकडे ट्रकांची रांग उभी होती. नऊ दिवस. खरीफ आला की तिथं तीन गोष्टी एकदम येतात : रस्ते जातात, मलेरिया येतो आणि मागच्या हंगामाचं धान्य संपतं. तिन्हींची गाठ मुलाच्या दंडात पडते. शिवाय वस्तीत त्याच वर्षी काविळीची, हेपटायटिस ई ची साथ होती, कारण माणशी पंधरा लिटर पाणी हा छापील नियम झाला. बायका वादीच्या वाळूत हातानं खड्डे करून वाटीनं पाणी उपसत होत्या.

संध्याकाळी बैठक झाली. प्लास्टिकच्या पाच खुर्च्या, एक कंदील, चहा. तासाभरात ठरलं : लाल मुलांना दिवसाला तीनऐवजी दोन पाकिटं. पिवळ्यांना काही नाही. कुणी आवाज चढवला नाही, कुणी रडलं नाही. निर्णय योग्य होता, आजही मला तो योग्यच वाटतो. दुसरा कुठला घेता आला असता ते मला सुचलेलं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी रांगेत उभं राहून तो सांगायचं काम आमचं होतं. १२० निघालेल्या मुलाच्या आईला सांगायचं, तुझ्या मुलाला अजून पुरेसं वाईट झालेलं नाही. लाल होऊ दे, मग घेऊन ये.

'मा फी' हे दोन शब्द मी त्या आठवड्यात शिकले. सुदानी-चाडी अरबीत त्याचा अर्थ : नाही, शिल्लक नाही. पाणी मा फी. साबून मा फी. दुभाषा गुंतलेला असला की मी स्वतःच रांगेपुढं उभी राहून रिकामे हात दाखवून सांगायचे, मा फी, मा फी. बायका मान हलवायच्या आणि मूल पाठीला बांधून निघायच्या. माझ्या तोंडून ते मराठीतच निघत होतं. त्यांना अरबीत ऐकू जात होतं. हे दुभाष्याला समजावून सांगितलं तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, आमच्यात माफीसाठी वेगळा शब्द आहे, पण हाही चालेल.

या सगळ्यात एक निळ्या तोबमधली बाई होती. तोब म्हणजे सुदानी बायकांचं साडेचार मीटरचं कापड, अंगाभोवती गुंडाळून डोक्यावरून घेतात. आमच्या आजीच्या लुगड्याचं लांबचं भावंडच. तिचा मुलगा दीडेक वर्षाचा, दाखल करताना १११. भुकेच्या परीक्षेत पाकीट त्यानं आईच्या हातून ओढून घेतलं होतं, म्हणून मला तो लक्षात राहिला. असं मूल पंधरा दिवसांत चढायला हवं. तीन आठवडे झाले तरी वजनाची रेघ आडवीच. चौथ्या आठवड्यात मी तिला बोलले. चांगलं तोंड सोडलं. बाजारात ही पाकिटं विकायला असतात, मी डोळ्यांनी बघितली होती. तू विकतेस का, मुलाचं औषध आहे ते, वगैरे वगैरे. दुभाष्यानं माझ्या सहा वाक्यांचं एक वाक्य केलं. काय सांगितलंस, म्हणून विचारलं तर म्हणाला, "उद्या सिस्टर तुझ्या घरी येईल असं सांगितलं."

गेले. झोपडी म्हणजे चार काठ्या आणि दोन जुने तोब. चुलीवर ज्वारीच्या पिठाची असीदा शिजत होती, घट्ट, आपल्या उकडीसारखी. बरोबर वाळक्या भेंडीच्या पुडीचं चिकट कालवण. भोवती चार मुलं. दोन तिची, दोन बहिणीची. बहीण जेनेनाच्या वाटेवर राहिली. तिनं माझ्यासमोर पाकीट फाडलं आणि असीदावर चार ठिकाणी पिळलं. मापानं, एकाला जास्त नाही की कमी नाही. मग माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाली. दुभाष्यानं या वेळी शब्दन् शब्द सांगितला : "हे औषध आहे असं यांतल्या कुणाला सांगू ते तू ठरव, बित्ती." बित्ती म्हणजे लेकी. ती माझ्याहून पाचेक वर्षांनी लहान असेल. मी तिच्यावर ओरडले होते त्याला चोवीस तास झाले नव्हते.

मी पट्टी काढली, कारण हाताला दुसरं काही सुचेना. बहिणीची धाकटी मुलगी ११७. पिवळी.

आता जे सांगणार आहे ते मी तिथल्या कुठल्याही अहवालात लिहिलेलं नाही. पट्टी जरा आवळली की तीन मिलिमीटर सहज जातात. कातडी दबते, खिडकीत लाल येतं. धारणीत हे उलट चालायचं. आकडे बरे दिसावेत म्हणून सैल धरणारी एखादी असायची आणि आम्ही तिला धारेवर धरायचो. त्या दिवशी मी पट्टी आवळली. ११४. दुभाष्यानं बघितलं, वहीत ११४ लिहिलं आणि वही मिटली. दुसऱ्या दिवशी मुलगी दाखल झाली. एक खोकं.

सत्तावीसमधलं एक. ते त्या आठवड्यात कुणाला मिळालं नाही, हे मला माहीत नाही, पण कुणाला तरी मिळालं नाही. एवढं खरं, की पुढं मला आणखी दोनदा तसा मोह झाला आणि दोन्ही वेळा मी पट्टी दुभाष्याच्या हातात दिली.

ऑगस्टमध्ये मोठ्या बातम्या आल्या. १ तारखेला उत्तर दारफूरमधल्या झमझम छावणीत दुष्काळ जाहीर झाला. 'दुष्काळ' हा शब्द आपण सरसकट वापरतो, पण भुकेची पातळी ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेत तो उच्चारण्याआधी मृत्यूंचे, कुपोषणाचे आकडे एका मर्यादेपलीकडे गेलेले सिद्ध करावे लागतात. म्हणजे तो जाहीर होतो तोवर पुष्कळ काही होऊन गेलेलं असतं. १५ ऑगस्टला सुदानी सरकारनं अद्रेची सीमाचौकी मदतीसाठी उघडत असल्याचं सांगितलं. फेब्रुवारीपासून ती बंद होती. पाच दिवसांनी पहिले ट्रक आमच्या डोळ्यांसमोरून पलीकडे दारफूरमध्ये गेले. रस्त्याच्या कडेला बायका टाळ्या वाजवत उभ्या होत्या, ज्यांच्या घरचे अजून तिकडं होते त्या. निळा तोबही तिथं असेल म्हणून मी बघत होते. नव्हती.

ती दोन आठवडे केंद्रावर आलीच नव्हती. आमच्या रजिस्टरात फ्रेंच रकाने होते : 'गेरी' म्हणजे बरं झालेलं, 'देसे' म्हणजे गेलेलं, 'अबाँदों' म्हणजे सोडून गेलेलं. लागोपाठ दोन आठवडे गैरहजर की अबाँदों. मी माझ्या हातानं दोन्ही मुलांपुढं तो शब्द लिहिला. मला तो शब्द कधीच आवडला नाही. दिवाळीनंतर धारणीची कुटुंबं कामाला खाली उतरतात, होळीला परततात; तेवढे महिने त्यांची मुलं आमच्याही यादीत 'स्थलांतरित' म्हणून पडून असायची. सोडून जाणारं कोण आणि सोडून दिलेलं कोण, हे रकान्याला कळत नाही.

सप्टेंबरच्या अखेरीस ती आली, दोन्ही मुलं घेऊन. खरीफभर गावकऱ्यांच्या शेतांत बाजरी निंदायला गेली होती. मजुरी पैशांत थोडी, बाकी धान्यात, कोरोच्या मापानं. कोरो म्हणजे तिकडचं मापटं. मुलगा १२४. बहिणीची मुलगी १२१. आमच्या पाकिटांशिवाय, चार तोंडं आणि एक खुरपं यांच्या बळावर. मुलानं आल्या आल्या पाकिटाकडे हात केला. आम्ही दोघांना पुन्हा नोंदवलं, आणि ऑक्टोबरमध्ये लागोपाठ दोनदा १२५च्या वर आल्यावर मुलापुढं मी 'गेरी' लिहिलं. त्या सुमारास आयांनाच पट्टी शिकवायचा उपक्रम चालू होता, म्हणजे घरच्या घरी मोजतील आणि लाल व्हायच्या आधी येतील. तिला एक पट्टी दिली. तिनं ती आधी माझ्या दंडाला गुंडाळली, खिडकी दंडाच्या मागं कुठंतरी गेली. रांगेतल्या बायका इतक्या हसल्या की गोदामातला पोऱ्या बाहेर येऊन बघायला लागला.

डिसेंबरमध्ये माझी मुदत संपली. घरी आले, आठवडाभर झोपले. आईनं एकदाच विचारलं, "झालं का तिकडचं?" मी हो म्हटलं. जानेवारीत अमेरिकेनं परदेशी मदत थांबवली. दुभाष्याचे आवाजी निरोप येत राहिले : सुदानात शेजाऱ्यापाजाऱ्यांनी वर्गणीवर चालवलेली सामुदायिक स्वयंपाकघरं धडाधड बंद पडतायत, अद्रेत रलेंची संख्या निम्मी झाली, त्याचीही पाळी कमी झाली. गोदामाचा आकडा तो कधी सांगायचा नाही आणि मी विचारायचे नाही.

२०२५च्या एप्रिलमध्ये झमझमवर हल्ला झाला, ऑक्टोबरच्या २६ तारखेला उत्तर दारफूरची राजधानी अल फाशिर पडली. त्यानंतर दहा-बारा दिवसांनी रात्री दुभाष्याचा निरोप आला. तो आता उत्तरेला, तिने गावाजवळच्या केंद्रावर होता. कसा आहेस, काय चाललंय, हे काही नाही. विचारलं होतं, वयाच्या दिनदर्शिकेची मूळ फाइल तुझ्या लॅपटॉपमध्ये आहे का, इथं आहे त्यात बदल करता येत नाही. आया वेगळंच सांगतायत, दोन ओळी नव्या घालायच्या आहेत.

फाइल सापडली. 'जेनेना'च्या खाली मी दोन रकाने वाढवले, एकात 'झमझम' लिहिलं, दुसऱ्यात 'फाशिर', आणि खाली थोडी मोकळी जागा ठेवून पाठवून दिली.